हमीचा कागद आणि काळी आई

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दौंडहून सिद्धटेकला जाणाऱ्या भाविकाला पूर्वी शिरापूरजवळ होडीतून भीमा ओलांडावी लागे. पलीकडचा काठ लागला की पुणे जिल्हा संपतो आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील कर्जत तालुका सुरू होतो. नदीने जिल्हे वेगळे केले असले तरी दोन्ही काठांवरची माणसे एकमेकांच्या सोयरिकीतली आहेत आणि त्यांची दुखणीही सारखीच आहेत. त्याच कर्जत तालुक्यातील खंडाळा येथे १७ मार्च २०१८ रोजी सुमारे दोनशे शेतकरी बैलगाड्या आणि ट्रॅक्टर घेऊन एका जमिनीत उतरले. हाती तिरंगा होता, शिवाजी महाराजांची व डॉ. आंबेडकरांची चित्रे होती आणि आंदोलनाचे नाव होते ‘काळी आई मुक्ती संग्राम’. नीरव मोदी व त्यांच्याशी संबंधित कंपन्यांनी ही सुमारे १२५ एकर जमीन मातीमोल भावाने घेतली, असा त्या शेतकऱ्यांचा आरोप होता. त्यांनी जमिनीत नांगर घातला आणि ती परत आपली झाल्याचे जाहीर केले.

परंतु कायद्याच्या दृष्टीने त्या परिसरावर तोवर आणखी एक हात पडला होता. तीनच आठवडे आधी, २४ फेब्रुवारी २०१८ रोजी, सक्तवसुली संचालनालयाने नीरव मोदी यांच्या ५२३ कोटी रुपये किमतीच्या २१ स्थावर मालमत्तांवर टाच आणली होती. त्या यादीत मुंबईतील सदनिका होत्या, अलिबागचे घर होते. आणि कर्जत तालुक्यातील एक सौरऊर्जा प्रकल्प व १३५ एकर जमीनही होती. मुंबईच्या फोर्ट भागातील ब्रॅडी हाउस या इमारतीतील पंजाब नॅशनल बँकेच्या एका शाखेतून कागद निघाले. त्या कागदांवर परदेशांतील बँकशाखांनी डॉलर दिले. आणि त्या व्यवहाराची जप्ती येऊन पडली ती भीमेच्या खोऱ्यातील माळरानावर. ‘आंतरराष्ट्रीय व्यापारी तंटे’ आणि ‘सीमापार बँकव्यवहार’ हे शब्द मोठ्या वकिलांच्या दालनातले वाटतात. तथापि त्या कायद्याचा शेवटचा टप्पा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर, कुणाच्या तरी ठेवीवर किंवा कुणाच्या तरी थकलेल्या पगारावर येऊन थांबतो. म्हणूनच हा विषय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात यावयास हवा.

प्रथम हा व्यवहार काय असतो ते पाहू. गावातील विकास सोसायटीतून कर्ज काढणाऱ्याला जामीनदार द्यावा लागतो. जामीनदार गावातलाच असतो, त्याला कर्जदाराची शेती व पत ठाऊक असते आणि सही करताना त्याचा हात क्षणभर थांबतो, कारण उद्या वसुलीची नोटीस त्याच्याही दारी येणार असते. आंतरराष्ट्रीय व्यापारात ही जामीनकी बँक करते. परदेशातून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला तिकडच्या बँकेकडून अल्पमुदतीचे डॉलरमधील कर्ज हवे असते. ती बँक त्याला ओळखत नाही; पण त्याच्या बँकेला ओळखते. मग ही बँक तिला कळविते की, या गृहस्थाने मुदतीत पैसे न दिले तर आम्ही देऊ. या हमीपत्राला ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’ म्हणत. संदेश जातो तो ‘स्विफ्ट’ या बँकांच्या जागतिक संदेशजाळ्यातून. असा संदेश पोहोचला की समोरची बँक तो खरा धरून चालते.

जानेवारी २०१८ मध्ये नीरव मोदींच्या कंपन्यांनी ब्रॅडी हाउस शाखेकडे अशी हमी मागितली. नव्या अधिकाऱ्यांनी त्याबद्दल पूर्ण रक्कम अनामत मागितली, तेव्हा उत्तर आले की, आजवर तर अनामतीशिवायच हमी मिळत आली आहे. नोंदी पाहिल्या, तर शाखेच्या मुख्य हिशेबप्रणालीत त्या जुन्या हमीपत्रांचा मागमूस नव्हता. स्विफ्टचे यंत्र आणि बँकेची कोअर बँकिंग प्रणाली एकमेकांशी जोडलेली नव्हती. संदेश परदेशी जात होता. पण वहीत नोंद होत नव्हती. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी बँकेने शेअर बाजारांना सुमारे १७७ कोटी डॉलरच्या बनावट व्यवहारांची माहिती दिली. पुढे तो आकडा तेरा हजार कोटी रुपयांच्या वर गेला. यात ज्यांनी डॉलर दिले त्या प्रामुख्याने हाँगकाँगसारख्या ठिकाणी बसलेल्या भारतीय बँकांच्याच परदेशी शाखा होत्या. म्हणजे जामीनदारही भारतीय ठेवीदार आणि सावकारही भारतीय ठेवीदार. सीमा ओलांडून गेला तो फक्त पैसा. दौंडच्या रेल्वे कामगाराने किंवा शिरूरच्या शिक्षिकेने सरकारी बँकेत ठेवलेल्या मुदतठेवीच्या बळावर ही जामीनकी उभी होती. आणि सही करताना ज्याचा हात थांबावा असा कोणीही त्या ठिकाणी नव्हता.

येथे पहिला कायदेशीर प्रश्न उभा राहतो. हमी फसवणुकीने मिळविली असेल तर बँकेने पैसे द्यावेच का? सामान्य बुद्धी म्हणेल, देऊ नयेत. आंतरराष्ट्रीय बँकव्यवहाराचा कायदा मात्र म्हणतो, द्यावेत. बँक मालाशी नव्हे तर कागदांशी व्यवहार करते. खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातील तंटा हमीच्या कागदाला लागत नाही, हे त्याचे मूलतत्त्व. पतपत्रांचे, म्हणजे ‘लेटर ऑफ क्रेडिट’चे, नियम पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३३ मध्ये प्रथम एकत्र केले, १ जुलै २००७ पासून लागू झालेली त्यांची सुधारित आवृत्ती जगभरातील बँका पाळतात. हे नियम कोणत्याही संसदेने केलेले नाहीत. व्यापाऱ्यांच्या संघटनेने ते केले आणि बँकांनी करारात लिहून घेतले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८१ मध्ये युनायटेड कमर्शियल बँक विरुद्ध बँक ऑफ इंडिया या, मोहरीच्या तेलाच्या व्यवहारातून उद्भवलेल्या खटल्यात, पतपत्राचे पैसे देण्यास न्यायालयांनी सहसा मनाई करू नये, असे सांगितले. १९८८ च्या यू. पी. को-ऑपरेटिव्ह फेडरेशनच्या खटल्यात अपवादही आखून दिले: उघड व गंभीर फसवणूक, किंवा कधीही भरून न निघणारा अन्याय. अपवादाची दारे अशी मुद्दाम अरुंद ठेवलेली आहेत.

हे तत्त्व केवळ भांडवलदारांच्या सोयीचे आहे, असे म्हणून झटकून टाकणे चुकीचे होईल. शिरूरचा कांदा किंवा डाळिंब परदेशी गेले आणि तिकडच्या व्यापाऱ्याने भाव पडताच ‘माल हलका निघाला’ अशी सबब सांगितली, तर इकडच्या निर्यातदाराला आणि त्याच्यामागच्या शेतकऱ्याला वाचविणारे तत्त्व हेच आहे. कागद पूर्ण असतील तर बँकेला पैसे द्यावेच लागतात. दुबळ्या विक्रेत्याला बळ देणारा असा नियम जगात फार थोडा आहे. दोष आहे तो निराळ्याच जागी. कागदाला इतके बळ देणाऱ्या कायद्याने कागद लिहिणाऱ्यावर मात्र तितकीच कडक नजर ठेवली नाही. पंजाब नॅशनल बँकेला आपल्या नावाने गेलेल्या हमीची जबाबदारी शेवटी घ्यावी लागली. रिझर्व्ह बँकेने १३ मार्च २०१८ रोजी आयातीच्या कर्जांसाठीची ही हमीपत्रे बंदच करून टाकली. स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ची मुदत घातली. घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी लागली. त्यात पतपत्रे व इतर बँकहमी चालू राहिल्या. तरी प्रामाणिक लहान आयातदाराचे स्वस्त कर्जाचे एक साधन मात्र मोठ्या चोरीपायी गेले.

दुसरा प्रश्न न्यायाधिकाराचा. पैसा एका देशात, ऋणको दुसऱ्या देशात, मालमत्ता तिसऱ्या देशात आणि कंपनीची नोंदणी चौथ्या देशात असेल, तर दाद कोठे मागावी? नीरव मोदी जानेवारी २०१८ च्या आरंभीच देश सोडून गेले होते. २६ फेब्रुवारी २०१८ रोजी, म्हणजे प्रकरण उघडकीस आल्यावर दोन आठवड्यांच्या आत, त्यांच्या समूहातील अमेरिकी कंपन्यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात अमेरिकी कायद्याखाली दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. भारतातील सरकारी बँकेला तेथे जाऊन इतर धनकोंच्या रांगेत उभे राहावे लागले. ऑगस्ट २०२० मध्ये तेथून पहिला हप्ता आला तो ३२.५ लाख डॉलरचा, म्हणजे सुमारे २४ कोटी ३३ लाख रुपयांचा. तेरा हजार कोटींच्या मानाने हा हिशेब शंभर रुपयांमागे वीस पैशांहूनही कमी पडतो.

जुलै २०१९ मध्ये पुण्यातील कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या अधिकाऱ्यांनी बँकेला सात हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम व्याजासह देण्याचा आदेश नीरव मोदी व त्यांच्या समूहावर काढला. आदेश पुण्याचा होता. पण ज्याच्यावर तो बजावायचा तो माणूस त्याच वर्षीच्या मार्चपासून लंडनच्या तुरुंगात होता. लंडनच्या दंडाधिकारी न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रत्यार्पणाच्या बाजूने निकाल दिला, उच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०२२ रोजी अपील फेटाळले; तरीही कज्जे चालूच राहिले. त्याच शहरात बँक ऑफ इंडियाने दुबईतील फायरस्टार डायमंड या कंपनीविरुद्ध दावा लावला आणि मार्च २०२४ मध्ये तिला ८० लाख डॉलरचा निवाडा मिळाला. भारतीय बँक, दुबईची कंपनी, इंग्रजी न्यायालय आणि अमेरिकी चलन. या एका वाक्यात सीमापार बँकव्यवहाराचे सगळे स्वरूप आहे. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ४४ अ म्हणते की, परस्परमान्यता असलेल्या देशाच्या वरिष्ठ न्यायालयाचा हुकूमनामा येथील हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग त्या यादीत आहेत. संयुक्त अरब अमिरातीचा समावेश जानेवारी २०२० मध्ये झाला. अमेरिका त्या यादीत नाही. तेथील हुकूमनामा घेऊन येणाऱ्याला भारतात नव्याने दावा लावावा लागतो.

निष्पक्षपातीपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१८ मध्ये संसदेने फरारी आर्थिक गुन्हेगार कायदा केला, नीरव मोदी यांना डिसेंबर २०१९ मध्ये त्याखाली फरारी घोषित करण्यात आले आणि त्यांच्या जप्त मालमत्तेतून १,०५२ कोटी रुपये बँकांना परत मिळाल्याचे अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. ही रक्कम लहान नाही. पण ती प्रामुख्याने अशा मालमत्तेतून आली की जिच्यापर्यंत भारतीय यंत्रणेचा हात पोहोचत होता. जे सीमेपलीकडे गेले त्याची वसुली थेंबाथेंबाने होते आणि त्यासाठी परदेशी वकिलांची फी सार्वजनिक बँकेलाच भरावी लागते.

आता याच्या शेजारी दौंड किंवा शिरूरमधील साध्या कर्जदाराला उभे करून पाहावे. सोसायटीचे पीककर्ज थकले की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो. त्यासाठी वर्षानुवर्षे दावा लढवावा लागत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा आधीच चढलेला असतो. जमीन पळून जाऊ शकत नाही, शेतकरीही जात नाही, म्हणून कायदा त्याच्यापर्यंत तत्काळ पोहोचतो. ज्याचे भांडवल जितके चल, तितका कायदा त्याच्यामागे लंगडत जातो. खंडाळ्याच्या माळावर या दोन कायद्यांची गाठ पडली. बँकेचा पैसा जनतेचा, म्हणून जप्त मालमत्ता विकून तो भरून घ्यावा, हे खरे. परंतु जी जमीन कवडीमोलाने गेली अशी मूळ मालकाची तक्रार आहे, तिचा प्रश्न त्या विक्रीत कोण ऐकणार? काळ्या पैशाच्या कायद्यात हितसंबंधितांना म्हणणे मांडण्याची तरतूद आहे; पण ते मांडण्याची जागा तालुक्याच्या कचेरीत नाही. खेड्यातला माणूस तेथवर पोहोचेपर्यंत मुदती उलटून गेलेल्या असतात.

पुण्यालाही या जागतिक जाळ्याचा चटका बसलेला आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकप्रणालीत घुसून ११ ऑगस्ट २०१८ रोजी २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये, भारतातून अडीच कोटी, आणि १३ ऑगस्ट रोजी स्विफ्टच्या खोट्या संदेशाने हाँगकाँगच्या एका बँकखात्यात १३ कोटी ९२ लाख रुपये वळविण्यात आले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. तथापि ज्यांच्या हाती सूत्रे होती ते सगळे या न्यायालयाच्या आवाक्यात आले असे कोणी म्हणणार नाही. सहकारी बँक गावठाणात असो की शहरात, ती स्विफ्टच्या तारेला जोडली गेली की तिचा शेजार बदलतो. तिच्या संचालकांना हे नवे शेजारी ओळखता आले पाहिजेत.

तिसरा प्रश्न शेतमालाच्या निर्यातीचा, आणि तो या दोन तालुक्यांच्या थेट पोटाशी निगडित आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली; ती ४ मे २०२४ रोजी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लादून. अशा बंदीने बाजारभाव पडतात हे सर्वांना दिसते. न दिसणारे असे की, परदेशी खरेदीदाराशी झालेले करार त्या दिवशी अधांतरी लोंबकळतात. पतपत्राला मुदत असते. माल जहाजावर न चढता ती संपली तर पतपत्र रद्दीत जाते. करारात ‘सरकारी बंदी आल्यास विक्रेता जबाबदार नाही’ असे कलम नसेल, तर खरेदीदार नुकसानभरपाईसाठी लवादाकडे जातो, आणि तो लवाद बहुधा लंडनला किंवा सिंगापूरला बसतो.

हे भय काल्पनिक नाही. शेतकऱ्यांच्या सहकारी विक्रीसंस्थांची शिखर संस्था असलेल्या नाफेडने १९८० मध्ये ॲलिमेंटा या स्विस कंपनीशी ५,००० टन निवडक शेंगदाणा निर्यात करण्याचा करार केला. १,९०० टन गेले. वादळाने सौराष्ट्रात पीक बुडाले. उरलेले ३,१०० टन पुढच्या हंगामात देण्याचे ठरले. परंतु मागच्या हंगामाचा माल पुढे नेऊन निर्यात करण्यास केंद्र सरकारने परवानगी नाकारली. स्विस कंपनी लंडनला तेलबिया व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या लवादाकडे गेली आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये नाफेडविरुद्ध ४६ लाख ८१ हजार डॉलरचा निवाडा झाला. तो भारतात बजावता येतो की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात २२ एप्रिल २०२० रोजी संपला. सरकारी परवानगीशिवाय निर्यात करणे बेकायदेशीर ठरले असते, म्हणून हा निवाडा भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे आणि तो बजावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. नाफेड जिंकली, पण त्यासाठी ४० वर्षे लागली. अनेक कायदेपंडितांनी या निकालावर टीका केली. परदेशी निवाडे असे नाकारले तर भारतीय निर्यातदारांवर कोण विश्वास ठेवील, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. खरा धडा निराळा आहे. एक हात निर्यातीचा करार करावयास सांगतो आणि दुसरा हात परवानगी रोखतो, अशा सरकारच्या धरसोडीची किंमत शेतकऱ्यांच्या संस्थेने का मोजावी? नाफेडपाशी वकील होते, चिकाटी होती. निर्यातीसाठी एकत्र आलेल्या शिरूरच्या वीस शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीपाशी ४० वर्षे नाहीत.

चौथा प्रश्न श्रमिकांचा. रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत असे कारखाने आहेत की ज्यांची मालकी किंवा बाजारपेठ समुद्रापलीकडे आहे. उद्या एखाद्या परदेशी पालक कंपनीने आपल्या देशात दिवाळखोरी जाहीर केली, तर येथील यंत्रसामग्रीवर पहिला हक्क कोणाचा? भारताच्या २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ ने कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारणधारक बँकांच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. भविष्यनिर्वाह निधी व उपदान निधी तर कलम ३६ नुसार विक्रीच्या बाहेरच आहेत. हे स्थान श्रमिकांनी मिळविलेले आहे. पण कार्यवाही दोन देशांत चालली तर काय, याची संहितेत धड व्यवस्था नव्हती. कलमे २३४ आणि २३५ दुसऱ्या देशांशी करार करावेत एवढेच म्हणतात. जेट एअरवेजच्या बाबतीत हे उघडे पडले. २०१९ मध्ये मुंबईत आणि नेदरलँड्समध्ये एकाच वेळी दोन कार्यवाही सुरू झाल्या. मुंबईच्या न्यायाधिकरणाने डच कार्यवाही मानली नाही, आणि अपील न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांमध्ये सहकार्याचा तात्पुरता करार मान्य करून वाट काढली. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. साडेपाच वर्षे कर्मचारी आपल्या पगाराची वाट पाहत राहिले.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविधी आयोगाने १९९७ मध्ये सीमापार दिवाळखोरीचा आदर्श कायदा तयार केला होता. तो काही फेरफारांसह स्वीकारावा, असे भारत सरकारच्याच समितीने ऑक्टोबर २०१८ मध्ये सुचविले. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात सीमापार दिवाळखोरीचे नियम करण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे मागितला. श्रमिक चळवळीने येथे सावध असले पाहिजे. कामगारांच्या थकबाकीचे स्थान कोणत्याही परदेशी कार्यवाहीपुढे ढळणार नाही, हे वाक्य कायद्यातच लिहिलेले हवे. नियमांच्या मर्जीवर ते सोडून चालणार नाही.

नीरव मोदी प्रकरण उघडकीस येताच एक सूर असा निघाला की, राष्ट्रीयीकरणाचेच हे फळ. सरकारी बँका विकून टाका. १९ जुलै १९६९ रोजी ज्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्यांत पंजाब नॅशनल बँक होती, हे खरे. पण ज्यांच्या परदेशी शाखांनी या हमीपत्रांवर पैसे दिले त्यांत खाजगी बँकही होती. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेला ज्या येस बँकेचे व्यवहार रोखावे लागले ती तर पुरती खाजगी होती. मालकीचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु मालकी समाजाची आणि नियंत्रण बंद दाराआड, हे अर्धवट राष्ट्रीयीकरण होय. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याच्या कलम ९ ने बँकेच्या संचालक मंडळावर कामगारांचा एक आणि अधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी नेमण्याची तरतूद केली आहे. २०१४ नंतर या जागा बहुतेक बँकांत वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. शाखेतील नोंद आणि स्विफ्टचा संदेश जुळत नाहीत, हे प्रथम ध्यानी येते ते खिडकीमागच्या कर्मचाऱ्याला. त्याचा आवाज मंडळाच्या टेबलापर्यंत पोहोचला असता, तर सारे टळले असते असे म्हणवत नाही. पण पहारेकऱ्याची जागा मोकळी ठेवून चोरीबद्दल आश्चर्य व्यक्त करणे हा दांभिकपणा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढची कामे स्पष्ट आहेत. सरकारी बँकांच्या संचालक मंडळांवरील कर्मचाऱ्यांच्या जागा भराव्यात, आणि बँकांनी दिलेल्या हमींचा, ज्यांना ताळेबंदात आकस्मिक देयता म्हणतात, मोठ्या ऋणकोनिहाय तपशील संसदेपुढे यावा, ही मागणी पक्षाने लावून धरावी. निर्यातबंदी लादताना आधी झालेल्या करारांना आणि उघडलेल्या पतपत्रांना संरक्षण द्यावे, ही मागणी शेतकरी संघटनांच्या जोडीने करावी. जप्त जमिनीच्या विक्रीपूर्वी त्या गावात जाहीर सुनावणी व्हावी, आणि मूळ शेतकऱ्याची तक्रार तेथेच नोंदली जावी. रांजणगाव व कुरकुंभच्या कामगार संघटनांनी आपल्या कारखान्याची मालकी कोणत्या देशातील कोणत्या कंपनीकडे आहे, याची नोंद स्वतःजवळ ठेवावी. संकट आल्यावर ती शोधावयास वेळ मिळत नाही.

यापलीकडे एक काम असे आहे की ज्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. परदेशी माल पाठविणाऱ्या शेतकरी गटाने सहीपूर्वी करारातील चार गोष्टी कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्याव्यात: तंटा कोणत्या देशाच्या कायद्याने सुटणार, लवाद कोठे बसणार, सरकारी बंदी आल्यास नुकसान कोणाचे, आणि पैशाची हमी कोणत्या बँकेची व किती तारखेपर्यंतची. हे वाचून सांगणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात तयार झाला, तर या अभ्यासवर्गाचे चीज झाले असे म्हणता येईल.

खंडाळ्याच्या माळावर त्या दिवशी ज्यांनी नांगर धरला त्यांच्यापुढे लेटर ऑफ अंडरटेकिंगचा कागद कधी आला नव्हता. त्या कागदावर कोणाची सही आहे आणि ती कोणाच्या जिवावर केली आहे, हे विचारण्याचा हक्क मात्र त्यांचा होता. तो हक्क त्यांनी आपल्या पद्धतीने, नांगराने बजावला. भीमेच्या अलीकडच्या काठावरील कार्यकर्त्यांनी तो कायद्याच्या भाषेत विचारावयास शिकले पाहिजे.